एका पंगतीत चीन आणि कोरिया

१५ जुलै, मंगळवार

पहिला आला तो बन्सल. यायचे होते पाटणकर. त्यांच्यासाठी मी सकाळपासून अळू चिरत बसले, आणि दारात उभा हा भलताच. हिराबाई समोरच्या ओट्यावर होतीच, ती कुठं जाते. "आक्का, नातीला बघाय आलं काय गं पाव्हणं?" एवढ्या मोठ्यानं ओरडली की त्या माणसाला मराठी नीट येत असतं तर तिथनंच माघारी फिरला असता. म्हणलं, "बघाय न्हाई, इकाय आलाय. यंत्र हाय त्येचं." तर म्हणते, "मग जावयापरीस महाग पडंल."

ऋतू घरात नव्हती. पौडला बँकेत गेली होती, पावसानं रस्त्याचा ओढा झालेला. बन्सलला पडवीत बसवलं, डोकं पुसायला टॉवेल दिला. तोवर पाटणकरांची गाडी आली. आता मी काय करायचं? एकाला आत आणि एकाला बाहेर ठेवायचं? आपल्या घरात असं कधी झालं नाही. जेवायच्या वेळेला जो आला तो पानावर बसतो. दोघांना एकाच चटईवर बसवलं, शेजारी शेजारी.

यंत्र दोघांचं एकाच कामाचं. छोटं, आपल्या खाचरात फिरेल असं. भात कापतं, तिथंच झोडपतं, दाणे पोत्यात. बन्सल विकतो ते चीनचं, पाटणकर विकतात ते कोरियाचं. एवढं मला ठाऊक. पण दोघं एकमेकांसमोर यायला नकोत, हे मला कुणी सांगितलं होतं?

पहिला भात झाला, अळूचं फदफदं झालं. बोलता बोलता कळलं त्यांना, की हा पण तेच विकतो. दोघांची तोंडं अशी झाली की फदफद्यात खाज राहिली की काय असं मला वाटलं. घर गप्प झालेलं मला सोसत नाही. बन्सल म्हणाला, "माताजी, इनका रेट तो बहुत ऊपर होगा." मी भात वाढता वाढता बोलून गेले, "वर असंल, पण त्यांच्या यंत्राला बंदरात कर लागत न्हाई म्हणती ऋतू. तुमच्याला पुरा लागतो. सगळं धरलं तर तुमचंच जरा वर जातंया." वर किती, ते पण सांगितलं. पाटणकरांचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात ऋतू आली. ओलीचिंब. दारात उभी राहून आधी ह्याच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आजी, मलाही वाढ."

१६ जुलै, बुधवार

सकाळी ऋ. (नुसतं ऋ. लिहिते, बोटं आखडतात) चुलीपाशी येऊन बसली. वाटलं आता ओरडेल. तर हळूच म्हणाली, "आजी, दोघांचे भाव एकमेकांना कळू द्यायचे नसतात गं. माझ्या हातात तेवढंच होतं." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणलं, मग मला नीट समजावून तरी सांग, म्हणजे पुन्हा चुकायची नाही. तिनं परात घेतली, तांदूळ घेतले, दोन ढीग केले. हा चीनचा, लहान. हा कोरियाचा, चांगला मोठा. ही नुसती यंत्राची किंमत. मग बोटीचं भाडं आणि विमा, दोन्ही ढिगांत सारखी मूठ. मग त्या सगळ्यावर बंदरातला कर. चीनच्या ढिगात भली मोठी मूठ टाकली. कोरियाच्या ढिगात काहीच नाही. कारण कोरियाच्या सरकारशी आपल्या सरकारचा करार आहे, चीनशी नाही. मग झालेल्या सगळ्या ढिगावर जीएसटी, म्हणजे करावर पण कर. चीनचा ढीग फुगला तसा त्याचा जीएसटीही फुगला. शेवटी बघितलं तर लहान होता तो मोठा झाला, आणि मोठा होता तो चिमूटभर लहान राहिला.

"बोटीच्या भाड्यावर पण कर?" मी विचारलं.

"हो. माल मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंतचा सगळा खर्च धरतात."

आमच्या वेळेला बरं होतं मग. आमचे हे आंबेमोहोर घेऊन पुण्याला जायचे तेव्हा नाक्यावर जकात द्यायची ती पोत्याची. बैलानं वाटेत खाल्लेल्या पेंडीवर कुणी जकात मागितली नाही. हे तर एक नाका चुकवून दुसऱ्या नाक्यानं जायचे, का तर तिथला कारकून भातवड्याचा शौकीन. ऋ. खळखळून हसली. म्हणाली, "आजी, मी पण तेच करतेय. कुठल्या नाक्यानं जायचं ते बघतेय." आकडे मात्र कुठं लिहायचे नाहीत आणि कुणाला सांगायचे नाहीत, असा दम भरलाय. म्हणून लिहीत नाही.

ती हसली की घर भरल्यासारखं वाटतं. शिमग्याला नोकरी सोडून आली, तेव्हापासून तिच्या चपला दारात, तिचं गाणं न्हाणीत, तिचे लांब केस गॅलरीत वाळत. सून सुलभा म्हणते, "आत्या, तुमाला नात आल्यापास्नं गुडघे दुखत न्हाईत." दुखतात. सांगत नाही एवढंच.

दत्ताचं तोंड मात्र तिला बघितलं की लांब होतं. बाप आहे, त्याला वाटतं हिंजवडीची नोकरी सोडून पोरगी चिखलात आली. काल रात्री ताटावर म्हणालाच, "ह्या कापणीला यंत्र खाचरात दिसलं तर बघू. न्हाईतर ओढ्याकडची खाचरं मागतुया त्या बंगलेवाल्याला इकून टाकायची, आन तू तुजी नोकरी धर. मला आता माणसं धुंडाळत हिंडणं व्हत न्हाई."

त्याचं तरी काय चुकतं? गेल्या साली माणूसच मिळालं नाही. उरवड्याच्या कंपन्यांची बस उजाडायला येते, सगळ्या बाया तिच्यात बसतात. मीही बसले असते त्यांच्या वयाची असते तर. पाऊस लांबला, भात आडवं झालं, आडव्याला कोंब फुटले. ऋ. सुट्टीला आली होती तेव्हा. पाण्यातनं कोंब आलेली लोंबी उचलून किती वेळ बघत उभी होती. शिमग्याला सामान घेऊनच आली.

१८ जुलै, शुक्रवार

बन्सलचा फोन. भाव पाडला! एवढा पाडला की कर पुरा धरूनही त्याचं यंत्र खाली गेलं. मी हिराबाईला सांगितलं (आकडा नाही सांगितला). ती म्हणाली, "तुज्या फदफद्यानं चीनला वाकवलं म्हणायचं." मला तर पंख फुटले. दत्ता पण खूश. "बघ, आईनं एका जेवणात काम केलं. आता घे चीनचं आन मोकळी हो."

ऋ. खूश नाही. "एवढ्या पटकन कसा काय उतरला? आणि आजी, त्याचं यंत्र जड आहे. आपलं ओढ्याकडचं सगळं रान भुसभुशीत. तिथं रुतलं तर काढायचं कुणी?"

दत्ता उठून गोठ्याकडं गेला. ज्या खाचरांवर सगळं अडलंय तीच ती खाचरं.

कोरियाचं हलकं आहे. महाग, पण हलकं. आणि वर कर नाही, म्हणजे महागाई तिथं भरून निघते. पण त्याला एक कागद लागतो, यंत्र कोरियात बनलं म्हणून. आपल्याला तलाठ्याकडनं रहिवासी दाखला लागतो ना, तसाच. दाखला अस्सल असला तर सूट, नाहीतर पुरा कर. पाटणकर म्हणालेत, दाखला मिळेल. मग अडलं कुठं? ऋ. म्हणते, "'मिळेल' म्हणालेत. 'आहे' म्हणाले नाहीत."

२३ जुलै, बुधवार

पुन्हा घाण केली. काय लिहू.

पाटणकर आले. बूट पडवीच्या टोकाला काढले, छत्री नीट मिटून कोपऱ्यात ठेवली. वळणाचा माणूस. मला म्हणाले, "आजी, तुम्ही त्या दिवशी आमचा भाव सांगून आमची पंचाईत केलीत." म्हणलं, "मी कुटं सांगितला, तोंडातनं सांडला." मग गाव विचारलं, मूळचे वाईचे. त्यांच्या आत्याची जाऊ पिरंगुटची निघाली. म्हणजे आपलेच झाले की.

ऋ. समोर कागद घेऊन बसली होती. हसत नव्हती. तिनं सरळ विचारलं, "सर, कंपनी कोरियाची आहे हे मला माहितीये. पण हे छोटं मॉडेल बनतं कुठे? कारखाना कुठल्या देशात आहे?"

पाटणकरांनी तिच्या कागदाकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "त्याचं असं आहे मॅडम—"

आणि मी ट्रे घेऊन आत शिरले. "आधी चहा घ्या, साय धरतीय वर. भजी पण हायेत, कांद्याची." बशी हातातच दिली. माणूस भजी खाता खाता उत्तर कसं देणार. एक भजं, दुसरं भजं, मग त्यांचा फोन वाजला, मग घाटात दरड आली म्हणून दुसरा रस्ता विचारत होते कुणालातरी. मग उठलेच. "दाखल्याचं होऊन जाईल मॅडम, काळजी नको." गेले.

ऋ. दाराकडं बघत राहिली. "आजी. एक मिनिट थांबली असतीस."

तिच्या आवाजात रडू होतं. मी उरलेली भजी कुणाला घातली ते लिहीत नाही, कुत्र्यालाही नको होती.

२४ जुलै, गुरुवार. दिव्याची अवस

दिवे घासले. कणकेचे केले, गुळाचे. ऋ.ला दोन जास्त दिले, खाल्ला एकच.

संध्याकाळी परात तिनंच मागितली. या वेळेला तिसरा ढीग केला. कोरियाची किंमत, आणि दाखला नाही मिळाला तर वर पुरा कर, त्यावर जीएसटी. ढीग परातीच्या काठावरनं खाली सांडला. सगळ्यात मोठा तोच. तेवढं आपल्यात नाही. तिची शिल्लक आणि बचत गटाच्या बायांनी घातलेलं मिळूनही नाही. वर आणखी, कागदात खोट निघाली तर माल बंदरातच अडकून पडतो, किंवा सोडला तरी मागाहून विचारायला येतात म्हणे. आणि भात काय बंदराची वाट बघत उभं राहतंय? कातिकात पिकलं की पिकलं.

सुलभानं सांडलेले दाणे एकेक करून वेचले. दत्ता बसून होता. मला वाटलं आता काही लागट बोलेल. बोलला नाही. नुसता दिवा तिच्या कागदाजवळ सरकवला, वारा लागू नये म्हणून हात आडवा धरला.

म्हणजे त्यालाही नको आहेत खाचरं जायला. तोंडानं कधी म्हणायचा नाही.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

आज कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडली. हातांना काम नाही म्हणजे कानांना जास्त.

ऋ. मागच्या पायरीवर फोनवर होती. इंग्रजी मला कळत नाही, पण मधे मधे मराठी येत होतं. "नाही, अजून ठरलं नाही... हो, पंधरा ऑगस्टच्या आधी सांगते... जागा भरू नका तोवर." हा तिच्या हापिसातला फोन. मला काय समजत नाही का.

आत जाऊन बघते तर तिची ती काळी हापिसाची पिशवी माळ्यावरनं खाली काढलेली. खुंटीला लावलेली. विचारलं तर म्हणे, "बुरशी लागली होती आजी, वारा लागू दे म्हणून काढली." बुरशी होती खरी. पण बुरशी तर माळ्यावरच्या सगळ्यालाच लागलीय. तीच बरी काढली.

हिराबाईनं फेर धरताना सगळ्यांसमोर विचारलं, "आक्का, पोरगी जाणार काय गं परत?" मी म्हणलं, "न्हाई." जरा जास्तच मोठ्यानं म्हणलं. हिराबाईनं माझा हात धरला, फेरात धरतात तसा नाही, वेगळा. ती वाईट नाही. तोंडाची फाटकी आहे.

झोपताना विचार आला. ऋ.नं जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलंच नाही. चार-पाच फोन केले तिनं. पाटणकर म्हणतात, बघतो, कळवतो, गाडीत आहे, मीटिंगमध्ये आहे. समोर बसला की माणूस लांब पळू शकत नाही. आणि समोर बसला होता तेव्हा मी...

२ ऑगस्ट, शनिवार

आज मी जन्मात केलं नाही ते केलं.

पाटणकर आले. ऋ.नंच बोलावलं, समोर बोलू म्हणून. पाऊस धरलेला. त्यांना थंडी वाजत होती, हात चोळत होते. पडवीत बसले. मी पाणी दिलं आणि आत न जाता तिथंच खांबाला टेकून बसले.

चहा ठेवला नाही.

ऋ.नं तोच प्रश्न विचारला. शब्दही तेच. पाटणकर म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी आपलं बोलणं अर्धं राहिलं." आणि चुलीकडं बघितलं. मी हलले नाही. मग पावसावर बोलले. मग आमच्या रिहे गावातली हवा छान म्हणाले, इथं एखादा बंगला घेतला पाहिजे म्हणाले (दत्तानं मान वर केली). पुन्हा आत बघितलं. सुलभा दारात आली, मला खुणेनं विचारते, आत्या, चहा? मी डोळ्यानंच, नाही. ती बघतच राहिली.

माझ्या सासूबाई असत्या तर मला त्याच खांबाला बांधलं असतं. दारात भांडायला आलेल्यालाही चहा दिलाय आम्ही. एकदा तर जमिनीची मोजणी करायला दावेदार आला होता, त्यालाही दिला, वर पोहे. माझी बोटं नुसती वळवळत होती. ट्रे कुठंय, कप कुठायत, आलं किती आहे. ऋ. गप्प. मी गप्प. असलं गप्प घर मी कधी ऐकलं नाही. पन्हाळीतनं पाणी पडत होतं तेवढंच.

बाहेरनं हिराबाई, "आक्का, आज चहाचा वास न्हाई गं? चहापत्ती संपली व्हय? देऊ का?"

मी उत्तर नाही दिलं. हे पण पहिल्यांदाच.

शेवटी पाटणकरांनी चष्मा काढला. पुसला नाही या वेळेला, हातातच धरला. म्हणाले, "खरं सांगू का मॅडम? मी कंपनीला विचारलंच नव्हतं. मोठं मॉडेल कोरियात बनतं, त्याला दाखला मिळतो, आम्ही तसं आणलंय. छोट्यालाही मिळेल असं मी धरून चाललो. तुम्ही विचारल्यावर चौकशी केली. छोट्याचे बरेच भाग बाहेरनं येतात. काही चीनमधूनही. जोडणी कोरियात होते. तेवढ्यावर दाखला मिळतो का नाही, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

ऋ. म्हणाली, "म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही." मग खाली बघून म्हणाले, "नाही म्हणायची लाज वाटत होती. तुम्ही एवढ्या विश्वासानं हिशेब मांडला होता."

दत्ता मधेच म्हणाला, "साहेब, लाजंपायी आमची कापणी गेली असती की." कडक म्हणाला. पण ओरडला नाही. आणि 'आमची कापणी' म्हणाला. पोरीची नाही म्हणाला.

ऋ.नं सांगितलं, कंपनीकडनं लेखी आणा, किती भाग कुठला ते सगळं, आणि दाखल्याचा नमुना आणा. तो बंदरातलं काम बघणाऱ्या माणसाला दाखवीन, मग ठरवीन. आवाज कापत नव्हता तिचा. मी तिच्याकडं बघत राहिले. ही ती, जिला लहानपणी दुकानातनं सुट्टे पैसे परत मागायची लाज वाटायची.

मग मी उठले. चहा केला, आलं घालून, दूध जास्त. रव्याचे लाडू दिले. पाटणकरांनी दोन कप घेतले. म्हणाले, "आजी, आज चहाची फार वाट बघितली." म्हणलं, "आमी बी बघितली, तुमच्या बोलायची."

माणूस वाईट नाही. आत्याची जाऊ पिरंगुटची आहे, सांगितलं का मी? सांगितलं.

ते गेल्यावर ऋ.नं मागनं येऊन गळ्यात हात घातले. तिचे ओले केस माझ्या मानेवर. हापिसाची पिशवी खुंटीलाच आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

बन्सलला ऋ.नं फोन केला. स्पीकर लावला होता. भाव घासला नाही तिनं. म्हणाली, वजन किती ते कागदावर नको, मला चिखलात दाखवा. बन्सल आधी हसला. "मैडम, मशीन बोट में आती है, चप्पल थोड़ी है कि पहन के देखो." मग म्हणाला, भोरकडं एका शेतकऱ्याकडं असंच यंत्र आहे, मागच्या साली घेतलेलं. त्याच्याशी बोलून टेम्पोत घालून आणतो. "माताजी को बोलना वो हरी वाली सब्ज़ी फिर बनाए." खाज सुटली नव्हती म्हणजे.

कुठं चालवायचं? लावणी झालेल्या खाचरात घालता येत नाही, रोपं मरतील. पण ओढ्याच्या कडेला रोपं काढलेली जागा रिकामी आहे, तिथं पाणी साचलंय, गुडघाभर चिखल. दत्ता म्हणाला, "तितं चाललं तर कुटंबी चालंल." आणि सकाळी स्वतः जाऊन तिथला एक बांध फोडून आला, टेम्पोतनं यंत्र उतरवायला वाट पाहिजे म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. परत आला तेव्हा कमरेपर्यंत चिखल. सुलभा म्हणाली, "आहो, पायरीवर धुवा आदी." तर म्हणतो, "ह्येच बघतुया, किती रुततंय."

बंगलेवाल्याचा फोन आला होता त्याला. घेतला नाही. नंतर बघतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात येणार म्हणे तो, कागद घेऊन. आला तर काय होईल, मला सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात यंत्र चिखलात बुडालं असेल तर दत्ता फोन घेईल.

७ ऑगस्ट, गुरुवार

ऋ. परातीचे तांदूळ आता मागत नाही, सगळं तोंडपाठ झालंय. मलाही झालंय. चीनचं: कर पुरा, नक्की. त्यात लपवाछपवी नाही, पण जड. कोरियाचं: हलकं, दाखला मिळाला तर परवडतं, नाही मिळाला तर परातीबाहेर. आज मी हिराबाईला हे सगळं समजावलं, ती म्हणाली, "आक्का, तू आता बंदरावर नोकरीला लाग." मग हळूच, "तुला काय वाटतं गं? राहील का पोरगी?"

मी म्हणलं, चिखलाला विचार.

दुपारी पाटणकरांचा फोन. कंपनीचं उत्तर येत्या सोमवारी येतंय, जे असेल ते घेऊन मी स्वतः येतो म्हणाले. हो असो का नाही असो, फोनवर सांगणार नाही. बरं वाटलं मला. पाठोपाठ बन्सल. टेम्पो मिळाला, भोरचा शेतकरी पण येतो म्हणतोय बरोबर, बघायला. कधी? सोमवारी.

ऋ.नं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. दोघं पुन्हा एकाच दिवशी, आणि या वेळेला माझी काही चूक नाही.

"बदलून घेऊ का एकाचा दिवस?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, "कशाला? येऊ देत. एकाच्या तोंडाचं दुसऱ्याला कळू दे. आता लपवायला काय हाय?" तिनं विचार केला. मान हलवली. म्हणाली, "आणि जेवण?"

श्रावणातला सोमवार. मला आणि सुलभाला उपास, चूल संध्याकाळी पेटायची. दिवसभर भात नाही, अळू नाही, कुणाला पानावर बसवायचा प्रश्नच नाही. आधी चिखल, मग कागद. दोन्ही झालं, की सूर्य मावळताना केळीच्या पानावर सगळे बसतील. एका पंगतीत. ऋ. मधे.

पिशवी खुंटीवर आहे अजून. वारा लागून बुरशी गेली. परत माळ्यावर टाकू का, विचारावंसं वाटतं. विचारत नाही.

कॅलेंडरवर खूण करून ठेवली, सोमवार, ११ ऑगस्ट. दोघं सकाळी येतो म्हणालेत.